हातात पैसा असतो तेव्हाच काटकसर : विदर्भातल्या गावांसाठी हिवाळ्याची जुळवाजुळव

विदर्भातल्या शेतकरी घरात वर्षाचा बहुतेक पैसा दिवाळी ते होळीच्या दरम्यान येतो. आधी सोयाबीन, मग कापसाचे वेचे, पूर्वेकडे धान, संक्रांतीच्या मागेपुढे तूर आणि शेवटी हरभरा. याच महिन्यांत तो जातोही. कृषी केंद्राची म्हणजे बी-खताच्या दुकानाची उधारी, सोसायटीचं पीककर्ज, मायक्रोफायनान्स कंपनीचा हप्ता, लग्नं, दवाखाना. ज्याचं पीक परतीच्या पावसानं नेलं त्याच्याकडे येणं काहीच नाही, देणं मात्र तेवढंच. मजुराच्या घरी वेचणी संपली की हाताला काम उरत नाही. वैशाखातली चणचण खरं तर पौषातच ठरून गेलेली असते.

पोटाला चिमटा काढून वाचतं ते थोडं. गरिबाच्या घरात तेल-साखर आधीच कमी असते, ती आणखी किती कमी करणार? पैसा जास्त जातो तो व्याजात, तालुक्याच्या फुकट फेऱ्यांत, घाईनं पडत्या भावात विकलेल्या मालात आणि उशिरा केलेल्या दवाखान्यात. या गळत्या एकट्या घराला बुजवता येत नाहीत. पाच-सात घरं एकत्र बसली तर येतात. म्हणून खालच्या बहुतेक गोष्टी एका घरासाठी नाहीत, आळीसाठी आहेत.

आधी घरं जमवा

इर्जिकीची रीत आपल्याकडे जुनी आहे. एखाद्याचं काम अडलं की बाकीचे आपापली बैलजोडी घेऊन जायचे, घरधनी त्यांना जेवू घालायचा, मजुरीचा विषय निघत नसे. तीच रीत घरखर्चाला लावायची आहे.

पाच ते सात घरं पुरेत. हाक मारली तर ऐकू जाईल इतकी जवळची घ्या. जात आणि भावकी पाहून निवडू नका, कारण रात्री दोन वाजता धावून येतो तो शेजारी. शक्यतो घरं वेगवेगळ्या परिस्थितीतली असावीत. एकाकडे गाय, एकाकडे विहीर, एकाकडे नुसती मजुरी, एका घरात कागदपत्रं नीट वाचणारं पोरगं. एकट्या म्हाताऱ्या माणसाला किंवा नवरा गेलेल्या बाईला त्यांनी विचारायची वाट न पाहता आधीच धरा. त्यांच्याकडे देण्यासारखं काही नाही असं कोणी म्हटलं तर ते चूक आहे. वेचणीला गेलेल्या बायांची लेकरं दिवसभर सांभाळणं हे मोठं देणं आहे.

बसायचा दिवस आठवडी बाजाराच्या संध्याकाळचा ठेवा. त्या दिवशी प्रत्येकाला आपल्या खिशाची खरी अवस्था माहीत असते. घरामागे आठवड्याला 50 रुपये काढले तर सात घरांचे चार महिन्यांत सहा हजारांच्या आसपास जमतात. ज्या घरी नगदी नाही त्यानं तेवढ्याची ज्वारी, तांदूळ किंवा डाळ द्यावी. ही रक्कम फक्त दवाखाना आणि अडलेल्या प्रवासासाठी, बिनव्याजी. पैसे एका बाईकडे आणि वही दुसरीकडे असू द्या. आळीत आधीच बचत गट असेल तर त्याच्या पैशात हे पैसे मिसळू नका. गटाचा हिशेब बँकेला दाखवायचा असतो.

आणि मदत देण्याची पद्धत फार महत्त्वाची आहे. सगळ्यांसमोर "तुमच्या घरी काही नाही म्हणून" असं म्हटलं की तो माणूस पुढच्या आठवड्यापासून येत नाही. "काकू, तुरीचे सोले जास्त निघाले, एवढे घ्या न, वाया जातील," असं म्हणून दिलेलं कोणाला जड जात नाही.

देण्याचा कागद

वहीचं एक पान घ्या आणि घरातल्या बाईला सोबत बसवून सगळी देणी लिहा. कोणाचं, किती, व्याज किती, कधी द्यायचं. पुष्कळ घरांत नवऱ्याला फायनान्सच्या गटाचा हप्ता नीट माहीत नसतो आणि बायकोला कृषी केंद्राची उधारी माहीत नसते. दोन्ही एका पानावर आल्याशिवाय काटकसर सुरूच होत नाही.

आता क्रम. जो दारात येऊन ओरडतो त्याला आधी देण्याची आपली सवय असते, आणि ती महागात पडते. 3 लाखांपर्यंतचं पीककर्ज मुदतीत फेडलं तर केंद्राची आणि राज्याची सवलत मिळून व्याज शून्यावर येतं. मुदत चुकली की सवलत जाते आणि पुढच्या हंगामाचं नवं कर्जही अडतं. म्हणून सोसायटीचे पैसे बाजूला काढून ठेवा. त्यानंतर सगळ्यात जास्त व्याजाचं देणं. शेकडा पाच ऐकायला लहान वाटतं, पण ते महिन्याचं असतं. वर्षाचे 60 टक्के होतात. तेच पैसे बचत गटातून शेकडा दोननं मिळत असतील तर गटातून घेऊन सावकाराला मोकळं करा.

सावकारीबद्दल कायदा काय म्हणतो हे आळीतल्या प्रत्येकाला माहीत पाहिजे. 2014च्या महाराष्ट्र सावकारी नियमन कायद्याखाली परवान्याशिवाय सावकारी हा गुन्हा आहे. परवानाधारकालाही शेतकऱ्याकडून तारण असेल तर वर्षाला 9 टक्के आणि तारण नसेल तर 12 टक्के, एवढंच व्याज घेता येतं. चक्रवाढ लावता येत नाही, आणि मुद्दलापेक्षा जास्त व्याज वसूल करता येत नाही. कर्जापोटी खरेदीखत करून घेतलेली जमीन परत मिळवण्यासाठी, व्यवहार 15 वर्षांच्या आतला असेल तर, जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे अर्ज करता येतो. तालुक्याला सहायक निबंधकाचं कार्यालय असतं. तिथं एकट्यानं जाऊ नका, दोघं-तिघं जा.

फायनान्सच्या गटांबाबतही नियम आहेत. रिझर्व्ह बँकेच्या 2022च्या निर्देशांप्रमाणे घराच्या सगळ्या कर्जांचे मिळून हप्ते महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्याच्या वर जाता कामा नयेत, आणि वसुलीला सकाळी 9च्या आधी किंवा संध्याकाळी 6च्या नंतर येता येत नाही. वसुलीवाला येणार त्या दिवशी शेजारच्या दोन बायांनी त्या घरी जाऊन नुसतं बसावं. बोलायची गरज नसते, आवाज आपोआप खाली येतो. एका कंपनीचा हप्ता भरायला दुसऱ्या कंपनीचं कर्ज मात्र कोणी घेऊ नये, आणि आळीनं ते घेऊ देऊ नये.

लग्नसराई याच दिवसांत येते. गाडगेबाबा अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचे. कर्ज काढून सण करू नका, हे त्यांनी आयुष्यभर गावोगाव सांगितलं. पंगत लहान ठेवली म्हणून नावं ठेवणारे चार असतात, पण आळीतली सातही घरं एकाच वर्षी ठरवून पंगत लहान ठेवतात तेव्हा कोण कोणाला नावं ठेवणार? आहेरात कपड्यांऐवजी धान्य किंवा नगदी द्यायचं हेही एकदम ठरवा.

माल कसा आणि कधी विकायचा

पहाटेचं दव कापसावर असतं. ऊन चढून दव सुकल्यावर वेचा आणि वेचलेला कापूस सावलीत पसरून मग भरा. सीसीआयच्या (भारतीय कापूस महामंडळाच्या) खरेदीत 8 टक्क्यांपर्यंत ओलावा असेल तर पूर्ण हमीभाव, 8 ते 12च्या मध्ये प्रमाणात कपात, 12च्या वर माल घेत नाहीत. 2025-26साठी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला 8110 रुपये, मध्यम धाग्याचा 7710, तुरीचा 8000 आणि सोयाबीनचा 5328 आहे. गावात गाडी घेऊन येणाऱ्या व्यापाऱ्याचा भाव यापुढे ठेवून पाहा. हमीभावाच्या खरेदीच्या नोंदणीसाठी पीकपेऱ्याचा सातबारा, आधार आणि बँक खातं लागतं. ज्याला फोनवरची नोंदणी जमत नाही त्याची दुसऱ्यानं करून द्यावी, आणि दोन-तीन घरांचा माल एकाच गाडीत न्यावा. भाड्याचा फरक मोठा असतो.

पैशाची नड आहे म्हणून सोयाबीन किंवा तूर लगेच विकावी लागत असेल तर आधी बाजार समितीत शेतमाल तारण कर्जाची चौकशी करा. पणन मंडळाची ही योजना 1990-91पासून आहे. माल गोदामात ठेवायचा, त्याच्या किमतीच्या 75 टक्क्यांपर्यंत कर्ज मिळतं, व्याज वर्षाला 6 टक्के, मुदत सहा महिन्यांची. सगळ्याच समित्या ती राबवत नाहीत, आणि दोन-चार पोत्यांसाठी एकट्यानं गेलेल्याकडे कोणी फारसं लक्षही देत नाही. चार घरांचे 40 कट्टे घेऊन गेलात तर वेगळी वागणूक मिळते.

सगळी तूर विकून पुन्हा दुकानातून डाळ आणणं, हे मला आपल्या भागातलं सर्वांत दुःखद नुकसान वाटतं. रोज पाव किलो डाळ लागणाऱ्या घराला वर्षाला 90 किलोच्या वर डाळ लागते. क्विंटलभर तुरीची साधारण 70 किलो डाळ होते, म्हणजे सव्वा ते दीड क्विंटल तूर घरी ठेवली की वर्षाची डाळ झाली. अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठानं तयार केलेली पीकेव्ही मिनी डाळ मिल अनेक गावांत आहे; तिथं सगळ्या घरांची तूर एकाच दिवशी न्या. चुरी आणि टरफलं गाईला होतात, ती सोडून येऊ नका.

सोयाबीनचं बियाणंही याच वेळी बाजूला काढा. सोयाबीन सरळ वाणाचं पीक आहे, संकरित नाही, म्हणून घरचं बी चालतं. एकरी 30 किलोच्या हिशेबानं, चांगल्या वाळलेल्या आणि कमी मार लागलेल्या मालातून घ्या. ज्यूटच्या पोत्यात, जमिनीवर न टेकवता फळ्यांवर ठेवा आणि कट्ट्यांची उंच थप्पी लावू नका. दाब पडला की उगवण जाते. जूनमध्ये बियाण्याच्या बॅगेसाठी काढावं लागणारं कर्ज इथेच टळतं.

खाणं

हिवाळ्यात आपल्याकडे अन्न स्वस्त असतं, आणि ते साठवायची हीच वेळ. हरभऱ्याचे शेंडे फुलं यायच्या आधी खुडले की झाडाला फांद्या फुटतात आणि घरात भाजी येते. ती सावलीत वाळवून डब्यात भरली तर उन्हाळ्यात भाकरीसोबत रोजची सोय होते. फवारणी झालेल्या वावरातली मात्र खुडू नका. मेथी तशीच वाळवा. टमाटर जानेवारीत मातीमोल होतात, तेव्हा चकत्या करून, मीठ लावून खाटेवर पातळ लुगड्याखाली वाळवा. संध्याकाळी दव पडायच्या आत घरात घ्या, नाहीतर बुरशी धरते. वालाच्या आणि पोपटाच्या शेंगा, बोरं, सोले, सांभार (कोथिंबीर) ज्याच्या बांधावर जास्त आहे त्यानं बाजाराच्या संध्याकाळी बैठकीत आणावं आणि अदलाबदल करावी.

खर्च कमी करताना एक नियम कडक पाळा. तेल, चहा-साखर, बिस्कीट, कुरकुरे यावर कात्री चालवा, डाळीवर नाही. लेकरांचं आणि गरोदर बाईचं ताट सगळ्यात शेवटी कमी करायचं, म्हणजे करायचंच नाही. ज्वारीची भाकर, जवसाची चटणी, अंबाडीची किंवा हरभऱ्याची भाजी आणि पातळ का होईना पण रोज वरण, हे ताट स्वस्तही आहे आणि अंगाला लागणारंही. घरची बाई सगळ्यांच्या मागून जेवते आणि उरलेलं खाते. टंचाईच्या दिवसांत "उरलेलं" म्हणजे नुसतं तिखट-भाकर असते. सगळ्यांनी एकत्र बसून जेवलं की भांड्यात किती आहे ते सगळ्यांना दिसतं.

रेशन सोडू नका. अंत्योदय कार्डावर महिन्याला 35 किलो आणि प्राधान्य कार्डावर माणशी 5 किलो धान्य मिळतं, आणि जानेवारी 2023पासून ते फुकट आहे. नवीन सून, नवीन लेकरू यांची नावं कार्डात घातली नसतील तर दर महिन्याला तेवढं धान्य सोडून देतो आहोत. अमरावती विभागाचे पाचही जिल्हे आणि वर्धा इथल्या केशरी कार्डाच्या शेतकरी कुटुंबांना धान्याऐवजी खात्यात रक्कम येते. ती येते का, हे पासबुकात पाहा.

ऊब

29 डिसेंबर 2018ला नागपुरात पारा 3.5 अंशांवर गेला होता. वावरातल्या झोपडीत किंवा टिनाच्या घरात असली थंडी म्हाताऱ्यांना आणि तान्ह्या लेकरांना पेलवत नाही. कापूस आपण पिकवतो आणि गादी बाजारातून आणतो, याला थोडी सोय आहे. जिनिंगमधून चार-पाच किलो रुई आणा आणि पिंजाऱ्याला आळीत एकच दिवस बोलवा, सगळ्यांच्या जुन्या गाद्या आणि रजया पिंजून भरून होतात. जुन्या लुगड्यांच्या गोधड्या दुपारच्या उन्हात चार जणींनी मिळून शिवल्या तर दोन-तीन दिवसांत एक होते. खालून येणारी थंडी जास्त लागते. धानाची कोरडी तणस पोत्यात भरून सतरंजीखाली घाला आणि आठवड्यातून एकदा उन्हात टाका. टिनाखाली जुन्या लुगड्याचं छत ताणलं की दव थेंबथेंब अंगावर पडत नाही. गाडगेबाबांचा स्मृतिदिन 20 डिसेंबरला असतो. त्या दिवशी गावात घोंगड्या-स्वेटर गोळा करून एकट्या म्हाताऱ्यांच्या घरी पोचवायचं ठरवलं तर ऐन थंडीच्या आत काम होतं.

निखाऱ्यांची घमेली बंद खोलीत घेऊन झोपू नका. त्यातून निघणाऱ्या वायूला वास नसतो, आणि माणूस झोपेतच जातो. शेकून झालं की निखारे बाहेर.

सरपणाला पऱ्हाटी, म्हणजे कापसाची वाळलेली झाडं, आहेच, पण ती बांधावर वर्षभर रचून ठेवली की त्यातून गुलाबी बोंडअळी पुढच्या हंगामाला मिळते. डिसेंबरअखेर कापूस आटोपा, फरदड (त्याच झाडांवर लांबवलेलं पुढचं पीक) घेऊ नका, किडकी बोंडं तोडून जाळा आणि पऱ्हाटी पावसाळ्याआधी संपवा.

पूर्व विदर्भात आणि मेळघाटात ज्या घरी सिकलसेलचं (रक्ताच्या जन्मजात आजाराचं) माणूस आहे तिथं थंडी हा नुसता त्रास नसतो. थंडी आणि कमी पाणी यांनी अंगात भयंकर दुखणं उठतं. त्या माणसाला पहाटेची अंघोळ नको, रात्रीचं ओलीत नको. दुपारच्या उन्हात तापलेल्या पाण्यानं अंघोळ, दिवसभर कोमट पाणी, कान-पाय झाकलेले. ताप, छातीत दुखणं, धाप लागणं यांपैकी काही झालं तर सकाळची वाट न पाहता दवाखाना. आळीतली गाडी कोणाची आणि चालवणार कोण, हे नोव्हेंबरातच ठरवून ठेवा.

हरभरा-गव्हाला पाणी द्यायला लाईन रात्रीची असेल तर कोणीही एकट्यानं जाऊ नये. जोडीनं जा, आज तुमचं वावर, उद्या त्याचं. साप, रानडुक्कर, वाघ-बिबट्या यांच्या भागात हे पाळलंच पाहिजे.

कागद आणि तालुका

महिन्यातला एक दिवस ठरवून पाच घरांची कामं घेऊन दोघं तालुक्याला जातात, तेव्हा बाकीच्यांची मजुरी वाचते. त्यातली एक बाई असू द्या. एसटीत बायांना अर्धं तिकीट आहे आणि 75च्या वरच्यांना तिकीट नाही.

घरातला कमावता माणूस गेला असेल तर शेजाऱ्यांनीच हे कागद करावेत, कारण त्या घरात तेव्हा कोणाला भान नसतं. विधवा बाईला संजय गांधी निराधार योजनेत महिन्याला 1500 रुपये मिळतात. एक पालक गेलेल्या लेकरासाठी बालसंगोपन योजनेत महिन्याला 2250 रुपये आहेत. ही दुसरी योजना पुष्कळ गावांना माहीतच नाही. दारिद्र्यरेषेखालच्या घरातला 18 ते 59 वयाचा कमावता गेला तर राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेतून एकदाच 20,000 रुपये मिळतात.

हाताला काम नसेल तर रोजगार हमीची मागणी ग्रामपंचायतीत लेखी द्या आणि तारखेची पोच घ्या. 15 दिवसांत काम दिलं नाही तर बेरोजगार भत्त्याचा हक्क पोचीवरच उभा राहतो. दहा जणांनी मिळून मागणी दिली तर काम निघण्याची शक्यता वाढते.

चंद्रपूर-गडचिरोलीतून मिरची तोडायला तेलंगणात जाणाऱ्यांनी रेशनकार्डाचा क्रमांक आणि आधार सोबत ठेवावं. तिथल्या दुकानातही अंगठा लावून धान्य मिळतं. मागे राहिलेल्या लेकरांची शाळा आणि आजीचं औषध आळीनं वाटून घ्यावं. मुकादमाचं नाव, गाव आणि नंबर वहीत लिहून घेतल्याशिवाय कोणाला गाडीत बसू देऊ नका.

माणूस गप्प झाला तर

हा भाग मी सगळ्यात काळजीनं लिहितो आहे. आत्महत्यांत आपल्या जिल्ह्यांनी किती माणसं गमावली हे प्रत्येक गावाला माहीत आहे. माणूस चौकात यायचं सोडतो, जेवण कमी होतं, रात्र जागून काढतो, दारू वाढते, एकाएकी लेकरांच्या जबाबदाऱ्या दुसऱ्याला सांगू लागतो, "माझ्यामागं पाहून घ्या" म्हणतो. यातलं काही दिसलं तर त्याच दिवशी घरी जा. उपदेश करू नका, इतरांचे दाखले देऊ नका. "काय चाललंय मनात, जीव द्यायचं तर येत नाही ना?" असं सरळ विचारा. विचारल्यानं तो विचार मनात येत नाही; उलट बोलायला वाट मिळते. त्या रात्री त्याला एकटं सोडू नका. 14416 हा टेलिमानसचा, म्हणजे मनाच्या त्रासासाठीच्या सरकारी फोनसेवेचा, क्रमांक आहे, फुकट आहे, रात्रीही लागतो आणि मराठीत बोलतात.

आणि फवारणीचं औषध कोणाच्याच घरात ठेवू नका. हंगाम संपल्यावर उरलेल्या बाटल्या आळीच्या एका कुलूपबंद पेटीत, घरांपासून लांब ठेवा आणि किल्ली एकाकडे द्या. असा विचार पुष्कळदा घटकाभराचा असतो, आणि त्या घटकेत हाताशी औषध नसणं यानं जीव वाचतो. हे सगळ्या घरांनी एकदम करा, म्हणजे कोणा एकावर संशय घेतल्यासारखं होत नाही.

होळीच्या आधी

फाल्गुनात एकदा सगळे पासबुकं घेऊन बसा. सोसायटीचे पैसे मुदतीच्या आत भरले का, पावती मिळाली का, हे एकमेकांचं पाहा. सामायिक वहीतले दवाखान्याचे पैसे कोणाकडे राहिले असतील तर पुढच्या दिवाळीपर्यंत मुदत द्या. उरलेलं धान्य ज्या घरी खाणारे जास्त त्या घरी द्या. मे महिन्यात सोयाबीनचे 100 दाणे ओल्या पोत्यात गुंडाळून उगवण पाहायची तारीख आत्ताच लिहून ठेवा. 70च्या वर उगवले तर नेहमीएवढं बी, कमी उगवले तर एकरी बी वाढवा आणि ज्याचं फारच कमी उगवलं त्याला दुसऱ्यानं आपल्यातलं द्यावं.